सस्पेन्स खात्यातली नोंद

‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द वर्तमानपत्रात दिसले की पुढे काय असणार ते तुम्हा-आम्हाला ठाऊक असतं. चाकू, नाहीतर ॲसिड. 1990 साली उल्हासनगरला दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला वर्गातच जाळलं गेलं, तेव्हापासून या शब्दांनी माझ्या अंगावर काटा येतो. त्यातलं प्रेम खोटं. ती निव्वळ मालकीची भाषा. खरोखर एकतर्फी प्रेम करणारी माणसं कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. झिजतात ती स्वतःच, आणि त्याची बातमी होत नाही.

1986 साली मी मिरजेच्या शाखेत नवा ऑफिसर होतो. जाडजूड लेजरं, पितळी टोकनं आणि महिन्याचं बॅलन्सिंग यांचे ते दिवस. बॅलन्सिंगला फरक आला की सगळे एका क्लार्क ताईंकडे बघत. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. फरकाला नऊनं भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय, 54 चे 45 पडलेत, अशी शंका घ्यावी, हे त्यांनीच मला शिकवलं.

या ताईंचा जीव पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर जडला होता. सहा वर्षं. त्याचं राहिलेलं व्याज त्या काढून देत; त्याच्या आईच्या आजारपणात रात्र-रात्र दवाखान्यात बसल्या. तो म्हणे, “तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं!” एवढंच. हो नाही, नाही नाही. त्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं कसलं वचनच दिलं नव्हतं. पण क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली आली, म्हणून ताईंनी दोनदा बढतीवर पाणी सोडलं.

मी तेव्हा पहिली कादंबरी लिहीत होतो आणि मला हे सारं फार उदात्त वाटे. आमची पिढी ‘देवदास’वर पोसलेली. शरच्चंद्रांच्या 1917 सालच्या त्या कादंबरीतल्या देवदाससाठी आम्ही रडलो. पण उशिरा शहाणपण सुचून परत आलेल्या देवदासला पारो ताठ मानेनं नकार देते, हे कुणाच्या ध्यानात राहिलं? मी तर ताईंना एकदा म्हणालोही, “तुमचं प्रेम मोठं आहे. परतफेड न मागणारं.”

त्या हसल्या नाहीत. “अहो, तुम्हाला यात कादंबरी दिसते. मला रात्री झोप लागत नाही.”

त्याच सुमारास इन्स्पेक्शन झालं. ज्या रकमेचं खातं उमगत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. सोय चांगली, पण तात्पुरती. इन्स्पेक्टरसाहेबांनी एका जुन्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, “ही इतकी वर्षं इथं काय करतेय?” उत्तर द्यायला ताईच उभ्या होत्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी बढतीचा अर्ज भरला, कुणाला न विचारता. नेमणूक निघाली थेट बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरला. निरोपसमारंभात त्याचे डोळे भरून आले होते. शाखेत कुजबुज झाली, बाई कठोर निघाल्या. मला राग आला, आणि थोडी लाजही वाटली. कुणाला आपल्यावर प्रेम करायला भाग पाडता येत नाही, हे आपण मुलांना निदान सांगतो तरी. पण त्याच्या दारात किती काळ उभं राहायचं हे मात्र आपल्या हातात असतं, हे सांगत नाही. मुलींना तर नाहीच; त्यांना वाट पाहण्याचेच संस्कार. आणि त्या संस्कारांवर आम्ही कादंबऱ्या लिहितो.

मेहकरला गेल्या गेल्या त्यांना शांती मिळाली, असं काही झालं नाही. पहिलं पत्र आलं ते रडवेलं होतं. खोलीत संध्याकाळ खायला उठते, असं लिहिलेलं. मग चार महिने काहीच नाही. मग एक पोस्टकार्ड : रविवारी एकटीच एसटीनं लोणारचं सरोवर पाहून आले, काठावर डबा खाल्ला, आणि परतीच्या गाडीत चक्क झोप लागली.

काही वर्षांपूर्वी निवृत्तांच्या मेळाव्यात भेटल्या. चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झालेल्या, केस पांढरे. जुन्या शाखेतल्या एकेकाची चौकशी करत होत्या. शिपाई, गोल्ड लोनचा सराफ, मग तो, मग कँटीनचा मुलगा. त्याचं नाव घेताना आवाज कुठे अडला नाही. मी उत्तर जुळवत होतो, तोवर त्या म्हणाल्या, “कँटीनच्या पोराचं सांगा आधी. त्याला दहावीचं गणित मी शिकवलं होतं.”