गाडी आपली, नाव परक्याचे

मुलगा वसुलीसाठी गावोगाव जाऊ लागला, किंवा नातवंडांना शाळेत सोडण्याची जबाबदारी सुनेवर आली, की घरात आणखी एका लहान गाडीचा विषय निघतो आणि बहुधा जुनीच घ्यावी असे ठरते. हा निर्णय शहाणपणाचाच आहे. भावाची पारख करण्यात आपल्या माणसांचा हात कोणी धरू शकत नाही. ढिलाई होते ती पुढे, कागदाच्या बाबतीत. गाडी व्याह्यांची असते, नाहीतर पेढीवरच्या जुन्या गिऱ्हाइकाची. ‘घरचाच माणूस आहे, नाव सावकाश लावू’ असे म्हणून किल्ली घेतली जाते आणि ते ‘सावकाश’ दोन-दोन वर्षे लांबते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळविणे आवश्यक आहे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. हे केवळ सोपस्कार नव्हेत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी अनेक हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघाताच्या भरपाईचे दायित्व या नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. म्हणजे स्नेहापोटी गाडी देऊन मोकळ्या झालेल्या व्याह्यांच्या दारी उद्या न्यायालयाची नोटीस येऊ शकते. नाते जपण्यासाठी टाळलेला कागदच मग नात्यावर उठतो.

घेणाऱ्याचीही सुटका नाही. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमापत्रावर आपले नाव नसेल तर अडतो. त्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांच्या आत अर्ज करावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्यापाशीच राहतो, तो हिशेबात धरू नये.

आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का, हे भाव ठरविण्यापूर्वीच पाहावे. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला असे नाही. बँकेचा ना हरकत दाखला व नमुना ३५ देऊन तो आर.सी.वरून काढावा लागतो. राहिलेली चलनेही एम-परिवहनवर पाहून घ्यावीत.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. गरम इंजिन पुष्कळ दोष झाकते. मिस्त्री आपला असावा, दलालाने सुचविलेला नको. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नये, सर्व्हिसच्या नोंदींशी तो आकडा ताडून पाहावा. कोल्हापूर-सांगलीकडील वाचकांना २०१९ चा महापूर आठवत असेल. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते, पण सीटबेल्ट पूर्ण ओढला की पाण्याचा डाग दिसतो, स्टेपनीखाली गाळ सापडतो, आसनाखालच्या बोल्टांना गंज असतो. भपकन सुगंधी फवारा येणारी गाडी तर दोनदा तपासावी.

पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर पडतो. गाडी पेढीच्या नावे असून तिच्यावर घसारा घेतला असेल, तर विकण्यापूर्वी जीएसटीविषयी आपल्या सी.ए.ना विचारावे.

ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळ व मीटरचा आकडाही लिहावा आणि दोघांनी सह्या कराव्यात. सकाळी सिग्नल तोडल्याचे चलन आले, तर तेव्हा गाडी कोणाच्या ताब्यात होती, हे त्यावरूनच ठरते.