स्टिरॉइड ही शिवी नाही

"डॉक्टर, स्टिरॉइड तेवढं देऊ नका हं!" पंचवटीतल्या कुठल्याही दवाखान्यात अर्धा तास बसा, हे वाक्य ऐकू येणारच. आणि गंमत म्हणजे असं म्हणणारी माणसंच गुडघेदुखीसाठी कुणीतरी सांगितलेल्या माणसाकडून बिननावाच्या पुड्या आणतात. तीन दिवसांत पाय मोकळे! "काही नाही गं, जडीबुटी आहे." जडीबुटी इतक्या झटपट गुण देत नाही हो. इतका झटपट गुण आला की मला पहिला संशय स्टिरॉइडचा येतो.

मंडळी, थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावानं आपण तूप सोडतो, त्याच्यापासूनच त्या कॉर्टिसॉल बनवतात, रोज साधारण १० मिलिग्रॅम, सर्वात जास्त पहाटे-सकाळी. स्त्री-पुरुषांची लैंगिक हार्मोन्सही कोलेस्टेरॉलपासूनच होतात. म्हणजे स्टिरॉइड नको म्हणणारा प्रत्येक जण स्वतःच स्टिरॉइडचा कारखाना आहे :)

हे हार्मोन स्निग्ध असल्यामुळे पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. ते सरळ आत शिरतं, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतं आणि दोघं मिळून पेशीच्या केंद्रात जाऊन कुठली जनुकं चालू ठेवायची, कुठली बंद करायची ते ठरवतात. सूज आणणारी जनुकं दबतात, म्हणून दुखणं पळतं. पण त्याच वेळी यकृत जास्त साखर तयार करतं, स्नायू झिजतात, महिनोन्महिने चाललं तर हाडं पोकळ होतात. फक्त गुडघ्यापुरतं काम कर, असं त्याला सांगता येत नाही.

आता खरी मेख. मेंदूतली पिट्युटरी रक्तातल्या कॉर्टिसॉलवर नजर ठेवून असते. भरपूर आहे असं दिसलं की ती अधिवृक्क ग्रंथींना हुकूम धाडणं थांबवते. हे कॉर्टिसॉल घरचं की पुडीतलं, हे तिला कळत नाही. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी शरीराची दिवसाची गरज एकटी भागवते. पुडीत तेवढं मिसळलेलं कुणाच्या बापाला दिसणार? इकडे काम नसलेल्या ग्रंथी आक्रसत जातात.

आमच्या नात्यातल्या एका मावशींचं हेच झालं (त्यांना विचारूनच लिहितेय). सात-आठ महिने पुड्या. चेहरा गोल झाला तर सगळे म्हणाले, तब्येत सुधारली! साखर वाढली, हातावर जरा लागलं की काळंनिळं. मग कुणीतरी घाबरवलं आणि त्यांनी पुड्या एका दिवसात बंद केल्या. आठवड्याभरात उलट्या, रक्तदाब खाली, उठून बसवेना. दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत बोलायला लागल्या. नंतर गोळ्या हळूहळू कमी करायला कित्येक महिने लागले. त्यावर आमच्याच घरातली टीका काय? "बघा, शेवटी डॉक्टरांनीही स्टिरॉइडच दिलं!" आता काय बोलणार!

डॉक्टरांनी दिलं ते नाव सांगून, मात्रा मोजून, कसं कमी करायचं ते लिहून. औषध बदललं नव्हतं, लपवाछपवी संपली होती. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. त्या कामाला १९५० चं नोबेल मिळालं. पुडीवाला हीच जादू चोरून विकतो, फक्त तिचे दुष्परिणाम सांगत नाही.

कोविडमध्ये तरी वेगळं काय घडलं? जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीनं दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोननं वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही, हेही त्याच चाचणीत होतं. तरी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत व्हॉट्सॲपवर चिठ्ठ्या फिरल्या आणि लोकांनी ताप आल्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या. त्यात मधुमेह. मग म्युकरमायकोसिस आला, आणि नाव पुन्हा औषधाचंच बदनाम.

त्या बदनामीची किंमत दम्याचे रुग्ण मोजतात. 'पंपाची सवय लागते' म्हणून आया पोरांचा पंप बंद करतात. अहो, त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. पंप बंद करून पोराला मध्यरात्री धाप लागली की ऑक्सिजन, आणि मग तेच स्टिरॉइड शिरेतून, कितीतरी जास्त.

मावशींच्या पर्समध्ये अजून एक कार्ड असतं. औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दाखवा, असं सगळं लिहिलेलं. तुमच्या पुडीवाल्याला असं एक कार्ड लिहून मागा आणि मग त्याचं तोंड बघा.