म्हाताऱ्या कुत्र्याचा आराम

आमच्या पोफळी गावात एक जाणकार आहेत. कुत्रं दहा वर्षांपुढे गेलं की बांधावं, दोन वेळा दूधभात घालावा आणि सुखानं मरू द्यावं, हे त्यांचं शास्त्र. म्हाताऱ्या डोक्यात नवं काही शिरत नाही, चालवलं तर सांधे धरतात, आणि परदेशातले प्रयोग काय, उंदरांवरचे!

सांध्यांचं आधी निकालात काढू. कुंभार्ली घाट चढवा असं कोणीच म्हणत नाही.

पण हा ‘आराम’ म्हणजे काय ते एकदा बघाच. फणसाला साखळी, आणि साखळीच्या लांबीएवढी तांबडी माती गोल झिजून गुळगुळीत. ना नवा वास, ना नवी वाट. मग घरात घेतलं की ते कुत्रं रात्री जागतं, घरात मुततं, दार उघडायची वाट बघत बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभं राहतं. “बघा, वय झालं!” वय तर झालंच हो, पण त्या साखळीचं काय?

उंदीर नको असतील तर कुत्री घ्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांना दोन वर्षं आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं फिरवलं, सोबती दिला, खेळणी दिली, कोडी घातली. काळ्यापांढऱ्यातल्या एका ठोकळ्याखाली खाऊ, आणि तो नियम पाठ झाला की उलटा करायचा. नुसतं बसवून ठेवलेल्यांपेक्षा ही कुत्री सरस शिकली. सोबत सकस आहार मिळालेली सर्वांत सरस. आणि उंदीर चालत असतील, तर त्याच वर्षी अमेरिकेतल्याच साल्क संस्थेतले एकोणीस महिन्यांचे उंदीर, म्हणजे आजोबाच, महिनाभर चाकावर धावून पाण्यातली वाट लवकर शिकले. गेलेलं सगळं परत येत नाही, हेही खरं; कुत्र्याचं वागणं एकाएकी बिघडलं तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं.

निवृत्तांना मोबाइलवर वीजबिल भरायला शिकवायचं ठरलं, तेव्हाही आमच्या याच जाणकारांनी ‘या वयात कशाला’ म्हणून नाक मुरडलं होतं. आता पावती चारचौघांत दाखवतात.

बाहेरच्या कुत्र्याला बिबट्याची भीती मात्र खरी. रात्री कुत्रं घरात घ्या.

बाकी करायचं थोडंच. ऊन चढायच्या आत पंधरा-वीस मिनिटं, जमेल तेव्हा वेगळ्या वाटेनं, आणि हुंगायला थांबलं की ओढायचं नाही. भाकरीचे तुकडे पडवीत दोन-तीन करवंट्यांखाली लपवायचे. सुरुवातीला करवंटी जरा कलती ठेवावी, म्हणजे नाकानं उलटते. आणि त्या वेळी जाणकारांना बोलावू नये. कुत्र्याच्या आधी तेच करवंटी उचलून दाखवतात.