सायकलने लडाखला निघालात? आधी मुक्कामांची उंची पाहा

मार्च-एप्रिल आला की आमच्या दवाखान्यात दाखले मागणाऱ्यांची वर्दळ वाढते. शाळेचे, नोकरीचे, वाहन परवान्याचे दाखले नेहमीचेच. गेल्या काही वर्षांत त्यांत हिमालयातील सायकल सहलीच्या दाखल्याची भर पडली आहे. मनाली ते लेह, तिथून पुढे खारदुंग ला. नऊ-दहा दिवसांचा प्रवास, सोबत मार्गदर्शक, सामान वाहणारी गाडी, तंबू आणि स्वयंपाकी. कागद घेऊन येणारी मंडळी बहुधा चाळिशी-पन्नाशीची असतात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी वाशीच्या बाजार आवारात. छापील अर्जावर एकच ओळ असते : सदर व्यक्ती ही सहल करण्यास वैद्यकीयदृष्ट्या पात्र आहे. खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक.

माझे मत असे, की सहलीचे वेळापत्रक सोबत जोडलेले नसेल तर या ओळीखाली कोणत्याही डॉक्टरने सही करू नये.

याचा अर्थ लोकांनी जाऊ नये असा कृपया कोणी घेऊ नये. सायकलचा मी पक्का पुरस्कर्ता आहे. पाम बीच रोडला पहाटे सायकली चालवणारे जे घोळके दिसतात, त्यांत माझे काही रुग्ण आहेत आणि त्यांची साखर व रक्तदाब तपासताना मला समाधान वाटते. महाराष्ट्रात या छंदाला जे भरते आले, त्यात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचा मोठा वाटा आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' त्यांनी २०१५ साली जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. चौघेही वैद्यकीय पेशातले, याचा आम्हा डॉक्टरांना थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी रागावू नये.

पण लडाखची गोष्ट वेगळी आहे. तिथे अडचण मांड्यांच्या ताकदीची नसून हवेची असते.

आपण समुद्रकाठची माणसे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. ज्या मनालीहून ही सहल सुरू होते ते गावच सुमारे दोन हजार मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर महिनाभर तंबू ठोकून राहिलात तरी तुमची तयारी मनालीपर्यंतसुद्धा पोहोचत नाही. खंडाळ्याचा घाट, माळशेजचा घाट चढून पाय आणि दम तयार होतात, आणि ते व्हायलाच हवेत. परंतु विरळ हवेची सवय शरीराला फक्त विरळ हवेतच लागते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, शेकडा २१. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू घटतो. लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, तो आपल्याकडच्या सुमारे दोन-तृतीयांश राहतो; तांगलांग ला या ५,३०० मीटरच्या खिंडीत जवळपास निम्मा.

साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर काहींना डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे असा त्रास सुरू होतो. बहुतेकांचा तो एक-दोन दिवसांत ओसरतो. पण त्याच अवस्थेत आणखी वर जात राहिल्यास क्वचित मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी साठते. या दोन्ही गोष्टी काही तासांत जीव घेऊ शकतात. कोणाला होईल हे आधी सांगणारी एकही खात्रीची तपासणी आमच्याकडे नाही. रक्त, छातीचा फोटो, ईसीजी, ट्रेडमिल, सारे उत्तम असलेला माणूस चौथ्या रात्री आजारी पडू शकतो. तंदुरुस्ती इथे कवच ठरत नाही. उलट दमदार माणूस भरभर वर चढतो आणि लवकर सापडतो.

हे ज्ञान आपल्या देशाने मोठी किंमत मोजून मिळवले आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी मैदानी प्रदेशातील जवानांना घाईघाईने उंचावर न्यावे लागले. त्यानंतर लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास करून तो १९६९ साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगभरच्या पुस्तकांत आजही त्याचा आधार घेतात. ते सारे निवडून घेतलेले जवान होते, हे ध्यानात घ्यावे.

आता वेळापत्रकाकडे येऊ. नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच मुक्कामी काढावा. दिवसा किती वर जाऊन आलात याला कमी महत्त्व, रात्री कुठे झोपलात याला जास्त. हा नियम मनाली-लेह रस्त्याला लावून पाहा. जिस्पा ३,२०० मीटरवर आहे, सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. जिस्पाला झोपून दुसऱ्या रात्री सरचूला मुक्काम केलात तर एका उडीत अकराशे मीटर झाले! झिंगझिंगबारला मधला मुक्काम करणाऱ्या तुकड्या असतात, पण तीही जागा सरचूच्या आसपासच्याच उंचीची. म्हणून जिस्पाला किमान एक दिवस जास्त थांबणे हाच शहाणपणा, आणि पैसे व रजा वाचवताना नेमका तोच दिवस कापला जातो. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून गाडीने लाहौलमध्ये उतरणे फार सोपे झाले. रोहतांगच्या चढावर पूर्वी नाइलाजाने जो वेळ जाई, तोही त्यामुळे वाचू लागला. विमानाने थेट लेहला उतरून तिसऱ्या दिवशी खारदुंग लाला सायकल घालणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे?

या रस्त्याची आणखी एक खोड फारशी कोणी सांगत नाही. उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. पण सरचूच्या मागे ४,८०० मीटरहून उंच बारालाचा ला आणि पुढे नकी ला व पाच हजार मीटरच्या घरातली लाचुलुंग ला. म्हणजे तिथे आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायचे तर आधी वर न्यावे लागते. रात्री दोन वाजता, थंडीत, सहल चालू असताना हे कोण करणार? गाडीत प्राणवायूचा सिलिंडर आहे का, तो किती तास पुरेल, चालक रात्री निघेल का, आणि त्या एकाबरोबर मार्गदर्शक गेला तर उरलेल्यांकडे कोण पाहील? पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न हे आहेत. लोक मात्र सायकलला गिअर किती आणि जेवणात चपाती मिळेल का, हे विचारतात.

आणि म्हणूनच तो दाखला मला खटकतो. धोका वेळापत्रकात असतो, वेळापत्रक आयोजक ठरवतो आणि सही मात्र डॉक्टरची. गेल्या वर्षापासून मी अर्जावर माझे वाक्य लिहितो : समुद्रसपाटीवर तपासले असता दोष आढळला नाही, सोबतच्या मुक्कामांची उंची पाहिली. एका आयोजकाने तो कागद परत पाठवला. दुसऱ्याने फोन करून जिस्पाला एक दिवस वाढवला तर चालेल का असे विचारले, आणि वाढवलाही.

मार्गदर्शक कितीही चांगला असला तरी डोकेदुखी त्याला दिसत नाही, ती सांगावी लागते. आपल्या लोकांची पंचाईत इथेच होते. गावातून निरोप घेऊन, ग्रुपवर फोटो टाकून निघालेला माणूस मागच्या गाडीत बसायला लाजतो. रात्री ओकारी झाली तरी सकाळी पोहे बाधले म्हणतो. मी जाणाऱ्यांना सांगतो, तंबूतल्या जोडीदाराला तुमच्यावर नजर ठेवायला सांगा. माणूस चालताना झोकांड्या देऊ लागला, एका रेषेत टाचेला अंगठा टेकवून त्याला चालता येईना, तो असंबद्ध बोलू लागला, किंवा नुसते बसले असतानाही धाप आणि खोकला असेल, तर त्याचे काही न ऐकता त्याला खाली न्यावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर करोनापासून घरोघर आले आहे. उंचावर निरोगी माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात येतो. तो पाहून घाबरू नये आणि आकडा बरा दिसतो म्हणून झोकांडी जाणाऱ्याला झोपूही देऊ नये.

तपासणीच निरुपयोगी असे मात्र मी म्हणत नाही. हृदयविकार, फुप्फुसांचे जुने आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, पंडुरोग असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी नीट बोलावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते रात्री अंगाशी धरून झोपावे, एकदा गोठले की ते वाया जाते. विदर्भातून, नंदुरबारकडून येऊन नवी मुंबईत स्थायिक झालेली बरीच कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कोणी सिकलसेलचा वाहक असेल तर उंचावर डाव्या बरगडीखाली प्लीहेला इजा होऊ शकते. रक्ताची साधी तपासणी आहे, ती करून घ्यावी. झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही वर्ज्य.

कापूर हुंगण्याचा आपल्याकडे फार प्रघात आहे. वास छान येतो, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. ज्या औषधाचा उपयोग सिद्ध झाला आहे ते ॲसिटाझोलामाइड, बाजारात डायमॉक्स नावाने मिळते. ते चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. लघवी वारंवार होते, बोटांना मुंग्या येतात, आणि सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. मात्र ही गोळी घेतली म्हणून जिस्पाचा दिवस कापता येत नाही. ज्यांनी जुलै-ऑगस्टच्या तुकडीत नाव नोंदवले आहे त्यांनी, डॉक्टरांनी संमती दिली असेल तर, निघण्याच्या पंधरा दिवस आधी घरीच एक दिवस ती घेऊन पाहावी. सोसत नसेल तर ते इथे कळलेले बरे, सरचूच्या तंबूत नव्हे.