कॅसेट्स दुकानात देऊ नका

वर्धापनदिन जवळ आला की संस्थांना आपला इतिहास आठवतो. स्मरणिका काढायची ठरते, मग कुणीतरी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढतं आणि तिच्यातून शिबिरांच्या, मेळाव्यांच्या, मुलाखतींच्या कॅसेट्स निघतात. नाशिक जिल्ह्यातल्या तीन-चार गटांच्या बैठकीत मी एकच ठराव ऐकला आहे : लग्नाच्या जुन्या कॅसेट्स पेनड्राइव्हवर भरून देणारा एक दुकानदार आहे, त्याला पेटी देऊन टाकू आणि चांगलं काही निघालं तर यूट्यूबवर टाकू. ठराव एकमतानं मंजूर होतो, कारण कुणालाच वेळ नसतो. माझा या ठरावाला विरोध आहे.

त्या पेटीत काय आहे, ते आधी पाहू. टेपरेकॉर्डर हाताशी आला तेव्हा लिहिता न येणाऱ्या बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत टिकवण्याची सोय प्रथमच झाली. त्याआधी तिचं म्हणणं कुणीतरी 'शुद्ध' करून लिहीत असे, किंवा लिहीतच नसे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि त्यात बायका होत्या. पण आंबेडकरी चळवळीतल्या अशा बायकांची नावं आणि अनुभव मराठी वाचकांपुढे नीट आले ते १९८९ साली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना गाठून त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, तेव्हा. १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. त्या दिवसांत गावोगावच्या छोट्या बैठकांत बाया काय बोलल्या, ते कुठल्या वर्तमानपत्रात शोधणार? असलंच तर अशा पेट्यांमध्ये.

आणि बाया काय बोलल्या? 'रेकॉर्ड करू का?' असं विचारल्यावर 'करा' म्हणाल्या त्या समोर बसलेल्या तीस-चाळीस जणींकडे पाहून. दार लावलेलं होतं. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, गाव, काय केलं, कुणी केलं, सगळं त्यात आहे. त्या होकाराचा अर्थ 'दुकानातल्या पोरानं ऐकलं तरी चालेल, जगानं ऐकलं तरी चालेल' असा कसा काय लावायचा? बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरला तो १९८३ च्या कायदेदुरुस्तीनं, आणि ती दुरुस्ती मथुरा प्रकरणानंतर बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून झाली. तेव्हा ते २२८-अ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम आहे. जे कलम चळवळीनं मिळवलं, ते चळवळीच्याच संस्थांनी एका पेनड्राइव्हसाठी मोडायचं? दुकानदार भला माणूस असेल. पण त्याच्या कॉम्प्युटरवर राहिलेल्या प्रतीचं काय, हे त्याला कुणी विचारत नाही.

'आपल्याला टेक्निकल कळत नाही' हे उत्तर मला मान्य नाही. चालू स्थितीतला एक टेपरेकॉर्डर, एक वायर, घरचा कॉम्प्युटर आणि ऑडासिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढंच लागतं. टेपची लाइन-आऊट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडायची. लॅपटॉपला बहुधा फक्त माइकचं भोक असतं, मग यूएसबीला लावायचं छोटं साऊंडकार्ड घ्यायचं. कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे आधी मोडून टाकायचे, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. (याच खाचांवर चिकटपट्टी लावून बायकांच्या जबान्यांवर सिनेमाची गाणी भरलेल्या कॅसेट्स मी पाहिल्या आहेत.) हेड स्पिरिटनं पुसायचं. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करून घ्यायची. आपल्याकडच्या पावसाळ्यानं पांढरी बुरशी धरली असेल, तर ती मशीनमध्ये घालायचीच नाही, ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवायची. मूळ प्रत वेव्ह फाईलमध्ये ठेवायची. तासाला साधारण ६०० एमबी जागा लागते, ती आज महाग नाही. एमपी-३ फक्त ऐकण्यापुरती.

खरी किंमत आहे ती वेळेची. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात. दुकानात तो वेळ मशीनचा असतो, कुणी ऐकत नाही. आपण बसलो तर तो ऐकण्याचा वेळ होतो, आणि माझ्या मते कामाचा गाभा तोच आहे. कारण ऐकल्याशिवाय कोण बोलतंय हे लिहिता येत नाही. एका पेटीत मला एक कॅसेट मिळाली. लेबलवर ठसठशीत अक्षरात 'मा. आमदारांचे भाषण'. मागच्या बाजूला एका आदिवासी बाईनं चाळीस मिनिटं सांगितलेली वनजमिनीची हकिगत, आणि त्या बाजूच्या लेबलवर एकच शब्द : 'इतर'. दुकानदार फाईलला हेच नाव देणार. बाई पुन्हा 'इतर'.

हे वेगळ्या प्रकारेही करता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, त्या एक लाखाच्या वर गेल्या, गावं हजारावर. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं ध्वनिमुद्रण झालं, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळू लागल्या. मला त्यात आकड्यापेक्षा मोठी वाटते ती गोष्ट अशी, की तिथे ओवीशेजारी गाणारणीचं नाव आहे, गाव आहे. 'लोकगीत, पारंपरिक' म्हणून बाईला गाळून टाकलेलं नाही.

खरखर काढण्याबद्दलही बोलायला हवं. सॉफ्टवेअरला एकसारखा येणारा आवाज म्हणजे कचरा वाटतो. जात्याची घरघर, स्टोव्हचा आवाज हे त्याच्या लेखी काढून टाकायचेच. मूळ फाईलला हात लावू नये. साफसफाई करायची तर वेगळ्या प्रतीवर. मधेच रडणारं मूल आणि 'घे गं त्याला जरा' म्हणणारी बाई, यांना कापण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक गटानं दोघी नेमाव्यात, आठवड्याला दोन कॅसेट्स. काम प्रकल्पात बसत नाही म्हणून स्वयंसेवी म्हणू नये, वहीत तास मांडून त्याचं मानधन द्यावं. कुणाच्या भाच्याला 'जरा करून दे' म्हणून सांगू नये. प्रत्येक फाईलसोबत नाव, गाव, तारीख, आणि कुणी ऐकायचं हे लिहावं. ज्या बाया हयात आहेत त्यांच्याकडे, सुरगाण्याला असोत की पेठला, फाईल घेऊन जावं, त्यांना त्यांचा आवाज ऐकवावा आणि नव्यानं विचारावं. काही जणी आनंदानं हो म्हणतील, काही म्हणतील नाव बदला. आणि एखादी म्हणेल, पुसून टाका, माझ्या सुनेला हे माहीत नाही. तिच्यादेखत पुसावं, कॅसेटही तिच्या हातात द्यावी.