कोकण खुशाल, पण मे महिना पाहून

‘निवृत्तीनंतर राहावं तर कोकणातच’ हे पत्र वाचलं. पत्रलेखक डिसेंबरात येऊन गेले असावेत. आम्ही दापोली तालुक्यातले कायमचे रहिवासी. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. जांभा सच्छिद्र, मुरलेलं पाणी उताराने खाडी गाठतं. वाडीत टँकर आला की हंडे-कळशांची रांग लागते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते, फांदी पडून तार तुटली की वीज रात्रभर गुल. आणि रात्री छातीत कळ आली तर? हृदयरोगतज्ज्ञासाठी लांबची वाट धरा. मुंबई-गोवा महामार्गाचं २०११ साली सुरू झालेलं चौपदरीकरण हा वेगळ्याच पत्राचा विषय.

मला विचाराल तर मी साताऱ्याला बिऱ्हाड करीन. महाबळेश्वरचा धुवाधार पाऊस पूर्वेकडे उतरता उतरता ओसरतो, त्यामुळे हवा कोरडी. पुणे-बंगळूर महामार्ग शहराला लागून, जिल्हा रुग्णालय गावातच. मासे मात्र बर्फातले खावे लागतील, ही हरकत आमच्या घरातून आधीच नोंदवली गेली आहे.

– एक वाचक, दापोली