माळ्यावरचा आवाज

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तुमच्या अब्बूंनी किंवा मामूंनी लहानपणी खेळला होता का, हे त्यांना एकदा विचारून पाहा. १९९० नंतर असे खेळ आपल्याकडे अनेक घरांत आले. त्यांतली बरीच यंत्रे निंटेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या. नाचणगावात एखाद्या माळ्यावर असे यंत्र अजून धूळ खात पडले असेल. ते भंगारात देण्यापूर्वी माझे म्हणणे ऐका.

या खेळाच्या डबीला सगळे 'कॅसेट' म्हणत. पण तिच्यात फीत नसते आणि गाणेही नसते. असतात ते फक्त हुकूम : हा सूर वाजव, इतका वेळ वाजव, आता थांब. यंत्रातली चिप हे हुकूम पाळते आणि त्याच क्षणी आवाज तयार करते. तिच्याजवळ आवाज पाचच. पाच माणसांची कव्वालीची पार्टी म्हणा ना! त्यामुळे जागा फार थोडी लागते. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ चित्रांसह अवघ्या ४० किलोबाइटांत मावला. कोजी कोंदो यांनी रचलेली त्याची धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत घेतली.

हे संगीत जपायचे कसे? एनएसएफ नावाच्या फाइलीत चिपचे हुकूम जसेच्या तसे राहतात. संगणक चिपची नक्कल करतो आणि धून वाजवतो. पंडित भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत लिहून ठेवल्या, तसेच हे आहे. पुष्कळ जाणकार ही फाइल पुरेशी मानतात. मला मात्र ते पटत नाही. आपली यंत्रे नकली होती. काही नकली चिपांतून निघणारा नाद अस्सल चिपपेक्षा वेगळा असे. धून तीच, पण आवाज निराळा. तुम्ही म्हणाल, चुकीचा आवाज कशाला जपायचा? पण इथल्या मुलांनी तोच ऐकला. तो एनएसएफमध्ये सापडणार नाही आणि जपानमधले कोणी तो आपल्यासाठी जपणारही नाही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला. आज त्याची एकही प्रत मिळत नाही. त्यातली गाणी त्या दिवशी जशी वाजली, तशी आता कोणालाच ऐकता येत नाहीत.

म्हणून यंत्र चालू असेल, तोवरच त्याचा आवाज मुद्रित करावा. यासाठी एमपी३ वापरू नये. कानाला जाणवणार नाही असे वाटते, तेवढा भाग ती फाइल टाकून देते आणि टाकलेले परत येत नाही. वेव्ह फाइल सारे ठेवते. पण सीडीच्या दर्जाला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट घेते. फ्लॅक फाइल काहीही न गमावता बरीच कमी जागा घेते. ती मूळ प्रत समजावी. मोबाइलवर ऐकायला तिच्यावरून हव्या तेवढ्या एमपी३ काढाव्यात.

यंत्राला आवाजाची तार वेगळी असेल, तर ती संगणकाला जोडता येते. घरात लहान भावंडे असतील, तर मुद्रणापुरते त्यांना गप्प बसवण्याचीही गरज नाही. तारेतून त्यांचा गलका येत नाही. फाइलीसोबत यंत्राचे नाव, कॅसेटचे नाव आणि तारीख तेवढी लिहून ठेवा.